सहाला एक: एवढा आडवा फोटो लोकांना दाखवायचा कसा?

बंदरावरचा
मंडळी, आधी रडगाणं, मग प्रश्न.

गणपती आटोपल्यावर चार दिवस पावसाने उघडीप दिली आणि हवा अशी धुऊन निघाली की हर्णैहून आंजर्ल्याच्या डोंगरावरची झाडं मोजून घ्यावीत. कॅमेरा घेऊन हर्णैच्या कनकदुर्गावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या छोट्या किल्ल्यावर गेलो. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. डावीकडे (दापोलीच्या) मुरुडचा किनारा, समोर उघडा समुद्र, उजवीकडे पाण्यात सुवर्णदुर्ग, अलीकडे नांगरलेल्या होड्या आणि पार टोकाला आंजर्ल्याचा डोंगर. मान या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत फिरवली तरच सगळं दिसतं. कॅमेरा उभा धरून ९ फोटो काढले, घरी येऊन हगिन या फोटो जोडायच्या प्रोग्राममध्ये जोडले. तयार झाला तो २०४०० बाय ३४०० पिक्सेल, म्हणजे उंचीच्या सहापट रुंद. कोनात मोजलं तर साधारण २०० अंश. फाइल ३८ एमबी. संगणकावर मोठा करून बघितला की किल्ल्याच्या तटात उगवलेलं झुडूप दिसतं, होड्यांवरचे बावटे मोजता येतात.

खूश होऊन घरच्या ग्रुपवर टाकला. डोंबिवलीच्या काकांचा (वय ८१, गुडघ्यांमुळे तीन वर्षं गावी आलेले नाहीत) दोन मिनिटांत निरोप: "छान. पण ही पट्टी कसली? साडीचा काठ आहे का?"

मग फोटोंच्या एका साइटवर चढवला. तिथे दोन्ही बाजू कापल्या गेल्या. सुवर्णदुर्ग निम्मा राहिला आणि मधला मोकळा समुद्र तेवढा डौलात आला. इथे धाग्यात चिकटवलाय तोही खाली तुम्हाला दिसतोयच, म्हणजे दिसत नाहीच.

तर प्रश्न असा: बघणाऱ्याला काही इन्स्टॉल करायला न लावता, ८१ वर्षांच्या माणसाला फोनवर नीट बघता येईल असा एवढा आडवा फोटो पाठवायचा कसा?

मालवणी_खाजा
फोटो बरो असा, पण माझ्या फोनार तो लेंग्याच्या नाडयेसारखो दिसता. काकांनी साडयेचो काठ म्हटलो, माणूस सभ्य दिसता.

निवटी
हसू नका रे, सगळ्यांची हीच गत होते. गणित बघ. फोन उभा धरला की बऱ्याच फोनांचा पडदा १०८० पिक्सेल रुंद असतो. सहाला एक प्रमाणाचा फोटो त्यात बसवला की उंची उरते १८०. तुझा सुवर्णदुर्ग मूळ फोटोत किती पिक्सेल रुंद आहे?

बंदरावरचा
आत्ता मोजला. १२०० च्या आसपास.

निवटी
म्हणजे काकांच्या फोनवर ६३-६४ पिक्सेल. अख्खा जलदुर्ग एका अ‍ॅपच्या आयकनच्या निम्माही नाही. आणि जेट्टीवर कोणी माणूस असेल तर तो धुळीचा कण.

बरं, बोटांनी मोठा करावा तर मोठं करायला मागे काही उरलेलं नसतं. ग्रुपवर फोटो गेला की सहसा त्याची लांब बाजू दीडेक हजार पिक्सेलवर आणली जाते. साध्या फोटोला तेवढं पुरतं. आडव्या फोटोची लांब बाजू १६०० केली की उंची राहते २६७. शिक्षा लांबीला होते पण मार खाते उंची. पहिला उपाय म्हणून फोटो 'फोटो' म्हणून पाठवूच नकोस, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. तसा पाठवला की फाइल जशीच्या तशी जाते. मात्र ३८ एमबी काकांच्या माथी मारू नकोस. उंची २००० कर, रुंदी १२०००, जेपेगची क्वालिटी ८०. सात-आठ एमबीत बसेल आणि फोनवर दोन बोटांनी मोठा करून हिंडता येईल.

शिवाय सोबत एक ओळ लिही: "फोन आडवा धरा, मोठं करा, मग डावीकडून सुरुवात करा." लोकांना सांगावं लागतं. मी भाट्याच्या खाडीचा फोटो पाठवला होता तेव्हा अर्ध्या लोकांनी नुसता अंगठा दाखवून पुढे ढकलला.

असगोलीचा
वाईट वाटून घेऊ नका, पण मूळ प्रश्न वेगळा आहे. २०० अंश कशाला? सगळं दिसतं म्हणून सगळं दाखवायचं का? फोटोत मधला निम्मा भाग नुसतं पाणी आहे. सुवर्णदुर्ग, होड्या आणि आंजर्ल्याचा डोंगर एवढंच ठेवा, अडीचला एक होईल, कुठेही नीट दिसेल. रुंद फोटो म्हणजे चांगला फोटो असा एक गैरसमज पसरलाय. आरे-वारेच्या वळणावर उभं राहून प्रत्येक जण फोन गरागरा फिरवतो आणि घरी येऊन सगळ्यांना त्या दोन किनाऱ्यांचं एकच लोणचं वाढतो.

बंदरावरचा
असगोलीचा, मुद्दा पटतो. कापून पाहिला, चांगला दिसतो. पण तो मग कुठल्याही पोस्टकार्डावरचा सुवर्णदुर्ग होतो. मला ते मधलं पाणीच हवंय. मुरुडपासून किल्ल्यापर्यंत नजर जाताना जो वेळ लागतो ना, तो त्या पाण्यात आहे.

मालवणी_खाजा
ह्या मात्र खरा. दर्यात दर्याच नको म्हणतास, मग गावलाच.

असगोलीचा
मान्य. माझं थोडं स्वतःवरचंच रडणं आहे. गुहागरचा किनारा सरळसोट, सुतात आखल्यासारखा. मी मध्यभागी उभा राहून फोनने पॅनोरमा काढला तर पाण्याची रेघ केळ्यासारखी वाकडी आली. बायको म्हणाली, किनारा हसतोय बघा.

निवटी
त्यात फोनचा दोष नाही. फोन फिरवताना चित्र नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर उमटतं असं समज, आणि मग ते नळकांडं उलगडून सपाट केलं जातं. तुझ्या पायाजवळची पाण्याची रेघ मध्ये खाली येते आणि दोन्ही टोकांना वर चढत क्षितिजाला मिळते. क्षितिज तेवढं सरळ राहतं, तेही फोन तिरका झाला नसेल तर. हगिनमध्ये प्रोजेक्शन, म्हणजे ही उलगडायची पद्धत, बदलता येतं. रेक्टिलिनिअर घेतलं तर सरळ रेघा सरळ राहतात, पण १२० अंशांच्या पुढे गेलास की कडेच्या गोष्टी च्युइंगगमसारख्या ताणल्या जातात. पानिनी नावाचं एक आहे, ते मधला मार्ग काढतं. सरळ किनारा, तटबंदी, लांब धक्का असलं काही समोर असेल तर थोडं तिरकं उभं राहावं हे उत्तम. बंदरावरचाचं नशीब की कनकदुर्गावरून काहीच सरळ दिसत नाही.

जुनं_दप्तर
अवांतर करतो, माफी असावी.

हे दुखणं फोनच्या आधीचं आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७ साली चहूबाजूंनी दिसणाऱ्या चित्राचं पेटंट घेतलं आणि १७९०च्या दशकात लंडनमध्ये त्यासाठी गोल इमारत उभी केली. चित्र आतल्या भिंतीवर गोलाकार, बघणारा मधल्या चौथऱ्यावर. म्हणजे एवढं रुंद चित्र दाखवायचं तर त्यासाठी घर बांधावं लागतं हे त्याला तेव्हाच कळलं होतं. 'पॅनोरमा' हा शब्द त्याच चित्रांसाठी तयार झाला.

आणि सुवर्णदुर्गाचं लंडनशी नातं आहेच. १७५५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या कमोडोर जेम्सने पेशव्यांच्या बाजूने तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घेतला. त्याच्या मृत्यूनंतर बायकोने १७८४ साली लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ मनोरा बांधला. नाव 'सेव्हर्नड्रूग', म्हणजे आपला सुवर्णदुर्गच, गोऱ्या जिभेवर घोळलेला. आजही उभा आहे, आणि लोक त्यावर चढतात ते आजूबाजूचा देखावा बघायला.

मालवणी_खाजा
सेव्हर्नड्रूग!! सायबाक सांगा, तोंडातली सुपारी थुकून बोल.

कोरा_चहा
मी संगणकवाला, मला एकच कळतं: अख्खा फोटो पाठवायचाच नसतो.

नकाशा बघताना आख्ख्या महाराष्ट्राचा नकाशा फोनमध्ये उतरतो का? नाही. दापोलीवर बोट ठेवलं की दापोलीचे तुकडे येतात. फोटोचंही तसंच करायचं. २०४०० बाय ३४०० चे २५६ पिक्सेलचे चौकोन केले तर ८० गुणिले १४, म्हणजे ११२० तुकडे होतात. शिवाय निम्मा आकार, पाव आकार असे लहान थर, तेही तुकड्यांत. बघणाऱ्याच्या पडद्यावर एका वेळी त्यातले पन्नास-साठच लागतात, म्हणजे एखादा एमबी. हर्णैच्या जेट्टीवर दोन काड्यांच्या नेटवर्कवरही चालेल.

ओपनसीड्रॅगन हा फुकट आणि मुक्त प्रोग्राम नेमकं हेच करतो. चित्र सपाटच राहतं, बोटाने सरकवायचं, मोठं करायचं. त्याऐवजी आपण तिथे उभे आहोत आणि मान फिरवतोय असं हवं असेल तर पॅनेलम हा प्रोग्राम. त्याला पूर्ण ३६० अंश लागत नाहीत, आडवा कोन २०० आणि उभा ३३ असं सांगून ठेवलं की तेवढ्यातच फिरू देतो. हगिनमधून त्यासाठी इक्विरेक्टँग्युलर प्रोजेक्शनमध्ये फोटो काढून घे. पण पॅनेलमला अख्खी मोठी फाइल देऊ नकोस. बऱ्याच जुन्या फोनांचा ग्राफिक्स भाग एका वेळी ४०९६ पिक्सेल रुंदीच्या पलीकडचं चित्र घेत नाही, फोटो उघडतच नाही. तिथेही तुकडेच दे.

बघणाऱ्याला फक्त दुव्यावर टिचकी मारायची. इन्स्टॉल काही नाही.

बंदरावरचा
कोरा_चहा, मी फाइल हलकी करायला जेपेगऐवजी वेबपी प्रकारात करून बघितली, प्रोग्रामने एरर दिली. माझं काय चुकलं?

कोरा_चहा
काही नाही. वेबपीत एका बाजूला १६३८३ पेक्षा जास्त पिक्सेल मावतच नाहीत. तुझे २०४०० आहेत. जेपेगमध्ये ६५५३५ पर्यंत जाता येतं, म्हणून ते चाललं. आडव्या फोटोवाले हमखास इथे आपटतात, कारण बाकी कोणाचा फोटो एवढा रुंद नसतोच.

शिंपली_ताई
बाकीचं चालू द्या, मला इन्स्टाग्रामचं सांगा कोणीतरी. आमच्याकडे घरगुती राहायची सोय आहे, लेक म्हणते समुद्राचा फोटो आडवा टाक. टाकला की कापला जातो.

निवटी
ताई, तिथे एकच आडवा फोटो टाकायचा तर १.९१ ला १ ही हद्द आहे. २०१५ च्या आधी तर चौकोनाशिवाय काही चालतच नसे. पण २०१७ पासून एका पोस्टमध्ये १० फोटो टाकता येतात, २०२४ पासून २०. त्याचा फायदा घ्यायचा. फोटोचे उभे तुकडे करायचे, प्रत्येक १०८० बाय १३५०, आणि ओळीने लावायचे. बोटाने सरकवलं की शिवण दिसत नाही, समुद्र एका पडद्यावरून दुसऱ्यावर वाहत जातो. बघणाऱ्याचं बोट हलतं, म्हणजे एका अर्थी त्याची मानच फिरते. मला हा प्रकार सगळ्यात आवडतो.

बंदरावरचा, तुझ्या फोटोचं गणित करून देते. उंची १३५० केली तर रुंदी ८१००, म्हणजे साडेसात तुकडे. अर्धा तुकडा टाकता येत नाही. म्हणून वरचं आभाळ २१३ पिक्सेल कापून उंची ३१८७ वर आण, मग बरोबर ८ तुकडे होतात, ८६४० बाय १३५०. कापण्याआधी रेघा आखून बघ. रेघ किल्ल्याच्या दरवाजातून किंवा होडीच्या मधोमध जाता कामा नये. आणि पहिला तुकडा नुसतं पाणी आला तर पुढे कोणी सरकवणार नाही, तेव्हा मुरुडची माडांची रांग पहिल्या तुकड्यात यायला हवी.

शिंपलीताई, तुम्हाला मी करून देईन, व्यक्तिगत निरोप करा.

तिसऱ्या
एवढी कापाकापी कशाला? व्हिडिओ करा. फोटोवरून कॅमेरा सरकतोय असा. आमच्या मुलाने फोनवर दहा मिनिटांत केला.

निवटी
करावा, पण सावकाश. सगळे घाई करतात. उभा व्हिडिओ १०८० बाय १९२०. त्यात उंची पूर्ण भरली तर फोटो ११५२० रुंद होतो. तो ३० सेकंदांत सरकवला तर एखादी होडी पडद्यावर जेमतेम ३ सेकंद राहते. १५ सेकंदांत सरकवला की गाडीच्या खिडकीतून बघितल्यासारखं, ओकारी येईल. काकांसाठी मिनिटभराचा कर, किल्ल्यावर चार सेकंद थांबव.

पण व्हिडिओत बघणारा तुझ्या मर्जीने बघतो. त्याला डावीकडे मागे जायचं असेल तर जाता येत नाही. जुन्या माणसांना नेमकं मागेच जायचं असतं.

कोरा_चहा
या वाक्यासाठी +१.

निवटी
बरं, आता मी तुझा फोटो कोरा_चहाच्या पद्धतीने मोठा करून पाहिला. (तू दिलेली मूळ फाइल उतरवायला रत्नागिरीत मला अकरा मिनिटं लागली, नोंद घ्यावी.) फोटो सुंदर आहे, आणि आता दोष सांगते. उजवीकडून तिसऱ्या शिवणीवर एक होडी अर्धीच आहे. पुढची नाळ आहे, मागचं टोक गायब. डावीकडे खाली बुरुजाचे दगड दातरल्यासारखे तुटलेत. आणि जेट्टीवर निळ्या शर्टाचा एक माणूस तीनदा आहे.

मालवणी_खाजा
तीनदा? तिळे असतीत.

बंदरावरचा
अरे देवा. होडी दिसली नव्हती मला. आणि तो माणूस... थांबा, बघतो.

खरंच की. एकदा टोपली डोक्यावर, एकदा टोपली खाली, एकदा कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघतोय.

निवटी
तो चालत होता आणि तूही त्याच दिशेने कॅमेरा वळवत होतास, म्हणून प्रत्येक फोटोत तो नव्याने सापडला. फोनने काढला असतास तर तोच माणूस ताणून आठ फूट रुंद झाला असता. उलट दिशेने चालणारा काडीसारखा बारीक होतो.

होडीचं वेगळं आहे. दोन फोटोंच्या मध्ये तू किती वेळ घेतलास? नांगरावरची होडी भरतीच्या पाण्यावर फिरत राहते, दहा सेकंदांत तिचं तोंड बदलतं. तिथे शिवण आली की अर्धी होडी. लाटांचंही तेच, पण लाटांची शिवण कोणी तपासायला जात नाही.

दगड तुटले ते पॅरलॅक्समुळे. डोळ्यासमोर बोट धर, एकदा डावा डोळा मिट, एकदा उजवा. बोट मागच्या भिंतीवर उडी मारतं. तू कॅमेरा हातात धरून स्वतःभोवती फिरलास, म्हणजे लेन्स हातभर जागा सोडून फिरली. लांबच्या किल्ल्याला फरक पडत नाही, पायाखालच्या दगडाला पडतो. ट्रायपॉडवर लेन्सच्या आत जिथे छिद्र दिसतं त्या बिंदूभोवती कॅमेरा फिरला पाहिजे. त्यासाठी सरकती पट्टी असलेलं फिरतं डोकं मिळतं. नसेल तर सरळ जवळचं काही फ्रेममध्ये घेऊ नये, हा गरिबाचा उपाय, आणि मी वर्षानुवर्षं तोच केला.

दुरुस्ती आता होईल. हगिनमध्ये मास्क आहे. शेजारच्या दोन फोटोंपैकी ज्यात होडी अख्खी आहे ती राखायची, दुसऱ्यातली झाकायची. निळ्या शर्टाचे दोन झाकून एक ठेव.

जुनं_दप्तर
दोन झाकू नका, तिन्ही राहू देत! पूर्वी सर्कट (Cirkut) नावाचा कॅमेरा होता, १९०४ च्या सुमाराचा. चावी दिली की आपोआप गोल फिरायचा आणि आतली फिल्म त्याच वेगाने सरकायची. शाळांचे लांबच लांब फोटो त्यावर निघत. एका टोकाचं व्रात्य कार्टं कॅमेरा पुढे सरकला की पाठीमागून धावत दुसऱ्या टोकाला जाऊन उभं राहायचं आणि फोटोत दोनदा यायचं. तुमचा निळा शर्ट त्यांच्याच गोत्रातला.

शिंपली_ताई
एक विचारू का? मीही कोरा_चहाने करून दिलेला दुवा उघडला. जेट्टीवर मासळी घेऊन बसलेल्या बायकांचे चेहरे मोठं केल्यावर ओळखू येतात. एक तर माझ्या ओळखीची निघाली. आणि उजवीकडे एका परसात दोरीवर काय काय वाळत घातलंय तेही मोजता येतं. साध्या फोटोत हे कोणी बघत नाही, पण तुम्ही मुद्दाम मोठं करून बघा म्हणून सांगताय.

बंदरावरचा
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. परसातली दोरी आज रात्रीच पुसतो. बायकांना उद्या संध्याकाळी लिलावाच्या वेळी जाऊन विचारतो. नको म्हणाल्या तर चेहरे धूसर करीन. घरच्यांपुरता वेगळा आणि सगळ्यांसाठी वेगळा असे दोन करतो.

तिसऱ्या
त्या नको म्हणणार नाहीत, पैसे मागतील. आणि मागावेतच.

जुनं_दप्तर
सगळ्यांसाठीचा करशील तो विकिमीडिया कॉमन्सवर ठेव असं सुचवतो. तिथे फोटो मूळ आकारात राहतो, कोणी चेपत नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यांत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी आहेत. अशा किल्ल्यांचे चांगले, मोठे, मुक्त परवान्याचे फोटो हवेच आहेत. एवढंच लक्षात ठेव की तिथला परवाना म्हणजे कोणीही वापरणार, हॉटेलच्या जाहिरातीतसुद्धा. तुझं नाव द्यावं लागेल, पैसे द्यावे लागणार नाहीत. मागून कुरकुर चालत नाही.

कोरा_चहा
बंदरावरचा, एकदा विचारतो. २०० अंश झालेच आहेत तर पूर्ण ३६० का नाही केलेस? पॅनेलममध्ये गोल फिरता आलं असतं.

बंदरावरचा
पाठीमागे काय आहे? दीपगृह, चार विजेच्या तारा, घरांचे पत्रे. समुद्र सगळा समोरच आहे. उगाच फाइल कशाला वाढवा.

कोरा_चहा
तुझी मर्जी.

बंदरावरचा
(तीन आठवड्यांनी) धागा वर काढतो. काय काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

होडी अख्खी झाली. निळ्या शर्टाचं काय करावं कळेना. जेट्टीवर गेलो तेव्हा तो भेटलाच. फोनवर दाखवलं, तर इतका हसला की टोपली खाली ठेवावी लागली. म्हणाला, "तिघंही ऱ्हाऊ दे, कामाला माणसं कमीच आहेत." त्यामुळे तीन ठेवले. बायकांपैकी दोघींनी चालेल म्हटलं, एकीने नको म्हटलं, ती धूसर आहे. पैसे कोणी मागितले नाहीत, पण मी त्या दिवशी बांगडे घासाघीस न करता घेतले.

आठ तुकड्यांचा प्रयोग चांगला जमला. ओळखीच्यांनी शेवटपर्यंत सरकवला म्हणतात. कोरा_चहाने दुवा करून दिला तोही भारी चालतो. पण काकांच्या फोनवर दुवा उघडला की त्यांचं बोट चुकून भलतीकडे लागतं, फोटो एकदम मोठा होतो, नुसतं निळं पाणी दिसतं आणि ते फोन काकूकडे देतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल त्यांना फोनमध्ये सापडतच नाही.

शेवटी छापला. सहा फूट बाय एक फूट. ७२ इंचांत २०४०० पिक्सेल म्हणजे इंचाला २८० च्या वर, हातात धरून बघायलाही पुरेसं. पहिला छापणारा म्हणाला, एवढी रुंद पट्टी कोणी छापत नाही, फ्लेक्सवर काढून देतो. त्याने प्रमाण न बघता तीन फूट उंच ताणून काढला. सुवर्णदुर्ग कुतुबमिनार झाला. तो फ्लेक्स आता आमच्या गोठ्यावर आहे, म्हशीला समुद्र दिसतो. दुसऱ्याकडे जाड मॅट कागदावर काढला, गुंडाळी करून नळकांड्यात घातला आणि डोंबिवली गाठली.

पलंगावर उलगडला तर पायथ्याकडून खाली लोंबायला लागला. काकूने एक टोक धरलं, मी दुसरं. काकांनी चष्मा बदलला आणि डावीकडून सुरुवात केली, मुरुडच्या माडांपासून, बोट कागदापासून इंचभर वर धरून. पाण्यावरून बोट पुढे चाललं तेव्हा काही बोलले नाहीत. असगोलीचा, त्या मोकळ्या पाण्यावर ते जवळजवळ मिनिटभर होते, तुम्हाला कळावं म्हणून सांगतो. मग किल्ला. मग होड्या एकेक. निळा शर्ट पहिल्यांदा दिसला तेव्हा काही नाही, दुसऱ्यांदा थांबले, तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, "हा सगळीकडे कसा रे?" सांगितलं. हसले.

आंजर्ल्याच्या डोंगरापर्यंत गेले, कागद संपला. बोट कागदाच्या कडेवर तसंच ठेवून म्हणाले, "आणि आपली वाडी?"

म्हटलं, काका, वाडी माझ्या पाठीमागे होती.

"मग पुढचं कशाला काढलंस एवढं? समुद्र काय, इथे टीव्हीवर पण दिसतो."

निवटी
😀😀 काकांना माझा नमस्कार.

कोरा_चहा
मी काही बोललो नाही. मी फक्त वर जाऊन माझा प्रतिसाद परत वाचून आलो.

मालवणी_खाजा
चार विजेच्यो तारा नि घरांचे पत्रे, काय?

बंदरावरचा
बोला, बोला. शनिवारी परत जातोय कनकदुर्गावर, यावेळी पूर्ण गोल. दापोली ते रत्नागिरीच्या पट्ट्यात कोणाकडे ट्रायपॉडचं फिरतं डोकं, सरकत्या पट्टीचं, दोन दिवसांसाठी उसनं मिळेल का? बुरुजाचे दगड यावेळी तुटायला नकोत, त्यांच्या मागेच आमचं परसू दिसतं.

निवटी
माझं घेऊन जा. शुक्रवारी भाट्याच्या पुलाजवळ ये, संध्याकाळी सहानंतर. आणि घरी सांगून ठेव, दोरीवर काही वाळत घालू नका म्हणून.